सॅकचा काही दोष नव्हता

बोरीत, माझ्या सासरच्या गावी, मला भेटायला येणारा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि मग विचारतो, "लय जड होती का गं ती बॅग?" मी उत्तर देणं केव्हाच सोडून दिलं आहे. माझ्या वतीनं उत्तर द्यायला घरात माणसं आहेत. "चार महिने पाठीवर वझं. बाईमाणसाला झेपतंय का?" असं आत्याबाई म्हणतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आणि माझा नवरा गजानन, ज्याच्याबरोबर मी ते चार महिने देशोदेशी फिरले, तो मान खाली घालून चहा पितो.

ती सॅक माळ्यावर पडली आहे. तिचा एक बंदसुद्धा उसवलेला नाही. मला झाला होता मणक्याचा क्षयरोग, आणि क्षयरोग सॅक उचलल्यानं होत नाही. हे गजाननला ठाऊक आहे. त्यानं एकदा, चार माणसांसमोर, सॅकमुळे काही झालं नाही असं म्हणावं आणि माझ्या पाठीवर खरोखर काय झालं ते सांगावं, एवढीच माझी मागणी होती. बरं होण्याच्या खालोखाल मला तेवढंच हवं होतं.

हे लिहितेय ते ज्यांच्या घरात कुणाची तरी पाठ दुखते आहे त्यांच्यासाठी. औषधांची नावं मी सांगणार नाही, ती डॉक्टर सांगतील. आपण डॉक्टरांना जे सांगत नाही, तेवढं सांगते.

पायाचा गुण

गजानन पायाळू आहे. म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाच्या पायाला गुण असतो, असं आमच्याकडे मानतात. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली की त्याला पालथं झोपवायचं आणि पायाळू माणसानं पाठीवर तीनदा पाय द्यायचा. बोरीत आमच्या ओट्यावर शनिवारी सकाळी एक-दोन माणसं तरी पालथी पडलेली असायचीच. गजानन लहान असताना हे काम उरकूनच शाळेत जायचा. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, त्यामुळे आभाळ गरजलं की आत्याबाई त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसत. असं जपलेलं पोर पुढं जग फिरायला निघालं, याचं त्यांना अजून नवल वाटतं.

लग्न ठरलं तेव्हा हा गुण मला कौतुकानं सांगितला गेला. मी परभणी शहरातली, सायन्सची पदवी घेतलेली. मला हसू आलं. माझी आई म्हणाली, "गुण असला तर असू दे, अवगुण नसला म्हणजे झालं." विषय तिथंच संपला.

आम्हाला दोघांनाही भटकायचं वेड होतं. लग्नानंतरचा पहिला प्रवास मोटारसायकलवरून येलदरीच्या धरणापर्यंतचा, डब्यात भाकरी आणि ठेचा. मग पुण्यात नोकऱ्या, मग सुट्ट्यांमध्ये जमेल तितकं. शेवटी दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि निघालो. हैदराबादहून बँकॉकपर्यंत विमान, तिथून पुढं सगळं जमिनीवरून आणि पाण्यावरून: थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया. स्वस्तात स्वस्त बस, आठ जणांच्या खोलीत वर-खाली पलंग, जवळ थालीपिठाची भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मी थालीपीठ लावलं की गोरी पोरं वासावर गोळा व्हायची. घरी मी त्याला 'अहो' म्हणायची, तिकडं 'गजू' म्हणायला लागले. ते पहिले दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. पुढं जे झालं त्यासाठी मी ते खोटे ठरवणार नाही.

होडीतला बाक

लाओसमध्ये नदीतून जाणारी एक संथ होडी असते, दोन दिवस चालते. त्या होडीच्या बाकावर माझी पाठ पहिल्यांदा दुखली. बरोबर मधोमध, हाडाच्या आत. गजानन म्हणाला, "सॅकचे बंद नीट आवळले न्हाईत तू." त्यानं बंद आवळून दिले. दुखणं तसंच राहिलं. व्हिएतनाममध्ये पोचेपर्यंत त्यानं माझी सॅक स्वतःकडं घेतली, त्याची मागं आणि माझी पुढं, पोटुशा बाईसारखा चालायचा. आम्ही त्यावर खूप हसलो. हे मुद्दाम सांगते, कारण प्रवासाचा उरलेला निम्मा काळ माझ्या पाठीवर काहीच नव्हतं. तरी पाठ झोपल्यावर जास्त दुखायची. संध्याकाळी अंगात ताप असल्यासारखी बारीक कसर यायची, झोपेत घामानं कपडे भिजायचे. त्याला आम्ही तिकडची हवा म्हणालो. माझे कपडे सैल झाले, त्याला बारीक झाले म्हणालो. एका हॉस्टेलमधल्या मुलीनं तर काय खातेस म्हणून विचारून घेतलं.

तिथंच पायाळूचा विषय निघाला. एका उंच जर्मन मुलाची पाठ धरली होती. गजाननानं त्याला फरशीवर पालथं घातलं आणि तीनदा पाय दिला. मुलगा उठला आणि टाळ्या वाजवायला लागला. कुणीतरी ते चित्रण केलं होतं, ते गजाननानं आपल्या प्रवासाच्या चॅनलवर टाकलं. तोवर आमची थालीपिठं आणि होड्या बघायला चुलत भावंडांपलीकडं कुणी येत नव्हतं. हा व्हिडिओ मात्र चालला, आणि गजानन त्या दिवसापासून जरा वेगळ्याच चालीनं चालू लागला.

मग मीही पालथी झोपले. त्याचा पाय गरम होता. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एक दिवस, फार तर दोन. मग पुन्हा. कंबोडियात अंकोरच्या देवळांच्या पायऱ्या मला चढवेनात. तो वर गेला आणि मी खाली शहाळं घेऊन बसून राहिले. बँकॉकपर्यंतचा परतीचा प्रवास मी बसच्या सीटवर गुडघे टेकून, उलटं तोंड करून केला. लोकांना वाटलं असेल, ही बाई नमाज पढते आहे.

ओटा

बोरीत आल्यावर मला अंघोळ घालताना आत्याबाईंच्या हाताला काहीतरी लागलं. मणक्यावर एक उंचवटा आला होता, लिंबाएवढा. "मणका वर आलाय," त्या म्हणाल्या. "बसवाया लागंल. तिकडं परमुलखात काय गुण यायचा? आपला ओटा त्यो आपला ओटा."

शनिवारी सकाळी मला ओट्यावर सतरंजीवर पालथं झोपवलं. शेजारच्या दोघी-तिघी पदर तोंडाला लावून बघत होत्या. गजाननानं नेहमीसारखा हलका पाय दिला. एकदा. दोनदा.

"आरं, असा का घाबरायलास? जरा वजन टाक," आत्याबाई म्हणाल्या. "वर आल्याला मणका फुंकून बसतोय का?"

मी म्हणाले, "नको." ते मी सतरंजीत तोंड खुपसून म्हणाले, पण म्हणाले. त्यानं वजन टाकलं.

काही मोडल्याचा आवाज झाला नाही. फक्त पायांत मुंग्या आल्या आणि त्या गेल्याच नाहीत. दुपारी जेवायला उठायला गेले तर दोन्ही पाय माझ्याखाली वळकटीसारखे गोळा झाले. मी जमिनीवर बसून माझ्या गुडघ्याला चिमटा काढला. तो मला लागला नाही. भीती म्हणजे काय हे मला त्या वेळी कळलं, त्याआधी मी ज्याला भीती म्हणत होते तो नुसता घोर होता.

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न

जीपमध्ये आडवं घालून मला परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो बघून तिथूनच नांदेडला पाठवलं. नांदेडला त्या मोठ्या नळकांड्यात घालून पाठीचं चित्र काढलं. डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. ते म्हणाले, "मणक्याचा टीबी आहे. बरेच महिने झाले असणार. एक मणका पोखरून बसलाय, तो नसांवर दाबतोय."

मी म्हणाले, "मला तर खोकला नाही."

"याला खोकला लागत नाही," ते म्हणाले. "बरा होतो. पण आधी ऑपरेशन करावं लागेल, आणि गोळ्या वर्षाच्या वर चालतील. पाय किती परत येतील ते आज सांगता येणार नाही." मग त्यांनी सहज विचारलं, "मध्ये पडलात का कुठं? पाठीवर काही मार, काही दाब?"

मी स्ट्रेचरवर होते. गजानन माझ्या डोक्याशी उभा होता.

"सॅक होती, डॉक्टर," तो म्हणाला. "चार महिने पाठीवर सॅक होती."

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते पुढं बोलायला लागले. मी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तो भिंतीकडं बघत होता. मला वाटलं, घाबरलाय, बाहेर गेल्यावर सांगेल. माझ्या डोक्यात तेव्हा पायांशिवाय काही नव्हतं. टीबी हा शब्दसुद्धा मला फार लागला नाही. ते वाक्य लागलं.

कौसाबाई

ऑपरेशन झालं, मणक्यात पट्ट्या-स्क्रू बसले. मग दवाखान्याचं रोजचं चक्र सुरू झालं. सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशींच्या फिनाईलच्या वासानं जाग, मग उपाशीपोटी गोळ्यांची मूठ, मग मळमळ, मग डॉक्टरांची फेरी. दोघांनी धरून कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, परत सरळ. नळी लावलेली. पहिल्यांदा पिशवीत लाल लघवी दिसली तेव्हा मी ओरडले. गोळ्यांमुळे तसं होतं, ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगून ठेवते.

हे लिहिलंच पाहिजे की गजाननानं माझं सगळं केलं. भांडं दिलं, काढलं, केस विंचरले, माझ्या पलंगाखाली चटई टाकून झोपला. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, असा नवरा सात जन्म मिळावा. मला ते ऐकून संताप यायचा आणि त्या संतापाची लाजही वाटायची. माणूस तुमचं गू-मूत काढत असताना त्याच्यावर रागवायचं तरी कसं? त्याची सेवा खरी होती. आणि जितकी ती वाढत गेली, तितकं ते एक वाक्य मागणं मला अवघड होत गेलं.

शेजारच्या खाटेवर चुडाव्याची कौसाबाई होती. उसाच्या ट्रॉलीवरून पडून तिची मांडी मोडली होती. तोंडानं फटकळ, तंबाखूसाठी कासावीस. गजानन खाली चहा आणायला गेला असताना मी तिला ओट्याची गोष्ट सांगितली. सांगितलेली ती पहिलीच.

तिनं ऐकून घेतलं. "आन् आता त्यो काय म्हन्तो?"

"काही नाही म्हणत."

"मंग त्येला ठावं हाय," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी फेरीला आलेल्या डॉक्टरांना मी एकटीनं सांगितलं, की घरच्यांनी पाठीवर पाय दिला होता, वजन टाकून. "असं करायला नको होतं," ते म्हणाले. "पण मणका आतून पोखरलेलाच होता, कधीतरी बसलाच असता. किती कशामुळं झालं, ते मी नाही सांगू शकत." ते प्रामाणिकपणे बोलले. मी ते शब्द जसेच्या तसे गजाननला सांगितले. त्यानं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचलून ठेवलं.

नांदेडच्या डासांचे मात्र माझ्यावर उपकार आहेत. एका दुपारी पाय इतका खाजायला लागला की मी चिडून हात खाली नेला, आणि मग लक्षात आलं की मला पाय खाजतो आहे. मी रडायला लागले. कौसाबाईला वाटलं, पाठ दुखायली. कारण कळल्यावर ती म्हणाली, "चावू दे मंग, मारू नको." पंधरवड्यानं अंगठा हलला.

'मणका सरकलाय'

घरी पट्टा बांधून आले ती निजूनच. आमच्या घरात टीबी हा शब्द उच्चारला गेला नाही. गावाला 'मणका सरकलाय' असं सांगितलं. माझं ताट-वाटी वेगळं झालं. ते कुणी तोंडानं सांगितलं नाही, एक दिवस ती भांडी वेगळ्या फळीवर दिसली. मणक्याचा टीबी ताटातून पसरत नाही. छातीचाही तसा पसरत नाही. मी आत्याबाईंना दोनदा समजावलं. "तुजं शिक्षान तुज्यापाशी," त्या म्हणाल्या. गोळ्यांनी तोंडाची चव गेली होती, तेव्हा भाकरी कुसकरून दुधात कालवून त्याच मला भरवत होत्या, हेही खरं. तेवढंच प्रेम आणि तेवढीच वेगळी वाटी.

रोगाचं खापर मात्र प्रवासावर फुटलं. "परदेशातून आणला," हे घरात, आणि "बॅगनं झालं," हे बाहेर. दोन्हींत ओटा कुठंच नव्हता. आत्याबाईंनी एक तिसरंही शोधून काढलं. परमुलखात कुणाच्याही पाठीला पाय लावल्यानं गजाननच्या पायाचा गुण उतरला, म्हणून मणका बसला नाही. म्हणजे पाय दिला हे चुकलं नव्हतं, पायातला गुण कमी पडला होता.

मी काठी घेऊन अंगणात चालायला लागले त्या सुमारास गजाननानं नवा व्हिडिओ केला. मला तो माझ्या मामेबहिणीकडून कळला. 'सॅक कशी निवडावी.' त्यात तो आमच्याच माळ्यावरची माझी सॅक दाखवून सांगत होता, की चुकीच्या सॅकनं माझ्या बायकोची पाठ कायमची गेली, तुम्ही ही चूक करू नका. खाली लोकांनी हात जोडले होते, ताईंना लवकर आराम पडो. जर्मन मुलाच्या पाठीवरचा पाय त्याच चॅनलवर तसाच होता.

मी फोन त्याच्यासमोर धरला. "हे काय आहे, गजू?"

"लोकांना उपयोग होईल म्हणून केलं."

"व्हिएतनामपासून सॅक तुझ्या पोटावर होती."

त्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि पालथा ठेवला.

"एकदा म्हण," मी म्हणाले. "मला शिक्षा करायची नाहीये कुणाला. आत्याबाईंसमोर, शेजारच्या दोघींसमोर, एकदा म्हण की मी नको म्हणत होते आणि तू वजन टाकलंस."

"डॉक्टरच म्हणालेत ना, कशानं झालं ते सांगता येत न्हाई," तो म्हणाला. मग अगदी हळू, "मी काय मुद्दाम केलं का?"

मुद्दाम केलं असं मी कधीच म्हणाले नव्हते. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही. तो व्हिडिओ त्यानं काढला नाही.

शनिवार

मी काठीशिवाय चालू लागले. पट्टा अजून होता, गोळ्या होत्या, पण गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत होते. एका शनिवारी सकाळी मागच्या गल्लीतली सुमनकाकू कमरेवर हात ठेवून आली आणि ओट्यावर पालथी झाली. "गजानन, बाबा, पाय दे. तीन दिस झाले, वाकता यीना."

आत्याबाईंनी हाक मारली. गजानन बाहेर आला, त्यानं काकूची पाठ पाहिली आणि मग मला पाहिलं. मी दारात उभी होते. याहून चांगली वेळ मी त्याला आणून देऊ शकले नसते. काकू होती, आत्याबाई होत्या, ओटा होता. मी काहीच बोलले नाही, मुद्दामच बोलले नाही.

"आज माझाच पाय मुरगळलाय, काकू," तो म्हणाला आणि आत गेला. आत जाताना थोडा लंगडलासुद्धा.

काकू कण्हत उठली. "जाते मंग झरीला, तिथं हाय एक पायाळू," असं पुटपुटत निघाली.

मी चप्पल घातली आणि तिच्यामागं गेले. तिच्या घरात बसून तिला सगळं सांगितलं, टीबी हा शब्द घेऊन, ओट्यावरच्या वजनासकट. तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "अगं माय, मग गजानन कामून न्हाई बोलला ह्ये? मी त्येच्याच म्होरं पडले होते की."

मी म्हणाले, "ते त्यालाच विचारा. आधी दवाखान्यात चला."

सोमवारी आम्ही दोघी एसटीनं परभणीला गेलो. आजारपणानंतरचा माझा तो पहिला प्रवास, आणि तो मी पाठीवर एक पिशवी अडकवून केला. काकूचा फोटो काढला, रक्त तपासलं. काही निघालं नाही. साधी उसण होती, गोळ्या आणि शेक. काकू येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

घरी पोचले तेव्हा गजानन ओट्यावरच बसला होता, माझीच वाट बघत असावा. चेहरा उतरलेला. "काय निघालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. साधी उसण."

त्यानं मोठा श्वास सोडला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला इतका मोकळा बघत होते. "मग पाय दिला असता तरी चाललं असतं," तो म्हणाला.

मी आत गेले, हात-पाय धुतले आणि लिहायला बसले. तुम्ही जे वाचलंत ते हेच. झोपल्यावरही पाठ दुखत असेल, संध्याकाळी अंगात कसर येत असेल, वजन उतरत असेल, तर पाठीला कुणालाही हात लावू देऊ नका, पायही लावू देऊ नका, आधी फोटो काढा. गोळ्या अर्ध्यात सोडू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं तर स्वतः बोला, डोक्याशी उभ्या असलेल्या माणसावर सोडू नका. गजाननला मी हे वाचायला दिलेलं नाही. त्यानं न म्हटलेलं वाक्य आता मीच म्हटलं आहे, माझ्या नावानं, आणि त्याच्याकडून ते मला नको आहे.